दोघंही चित्रकार आहेत, हे फोटोत दिसू दे

आषाढ लागला की फोटोग्राफीच्या या सदरासाठी माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी कुठला कॅमेरा घेऊ, कुठली लेन्स घेऊ हेच चालू असतं. पण या दिवसांत दिवाळी अंकांची कामं निघतात आणि कुणा ना कुणाची रवानगी एखाद्या चित्रकाराच्या घरी होते. अंक वाचकाच्या हातात पडणार ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे फोटो काढायचे ते भर पावसात. या खेपेला बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली : चित्रकार नवरा-बायको, त्यांचं घर आणि त्यांची चित्रं. बाकीची पत्रं, शेवटचं एक सोडून, पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत. एक पत्र खुद्द चित्रकार बाईंचं आहे. ते सगळ्यांत आधी छापा असं मी संपादकांना म्हटलं होतं, पण त्यांच्या मते वाचकांना आधी तांत्रिक हवं असतं. असो.

प्रश्न : मी लग्नाचे, बारशाचे फोटो काढतो. एका दिवाळी अंकाने आंजर्ल्याच्या बाजूला राहणाऱ्या चित्रकार जोडप्याचे फोटो मागितले आहेत. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. सर तैलरंगात मोठाले समुद्र रंगवतात, बाई जलरंगात काम करतात. घर जुनं, जांभ्याचं, कौलारू. आत फार अंधार. माझ्याकडे एक कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे. दिवे नाहीत. जेवण उरकून दुपारी ये म्हणालेत. काय तयारी करू?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आधी फोन करून वेळ बदलून घ्या. सत्तरीतली माणसं जेवणानंतर आडवी होतात. तुमच्यासाठी ती जागी राहतील, पण डोळे सांगतील. शिवाय पावसाळ्यात अशा घरांतला उजेड तीन वाजल्यापासून ओसरायला लागतो. सकाळी नऊ-साडेनऊला पोचा. चहा होईल, गप्पा होतील, दहा-साडेदहाला कॅमेरा बाहेर निघेल.

दिवे नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. ढगाळ आभाळाएवढा मोठा आणि मऊ दिवा कुठल्याच दुकानात मिळत नाही. आपल्या घरांत तो खिडक्यांतून कमी येतो, कारण खिडक्या लहान आणि गजांच्या. तो येतो दारातून, पडवीच्या पागोळ्यांखालून. म्हणून ओटीचं दार उघडं टाकायचं आणि दाराच्या आत, हातभर बाजूला माणसांना बसवायचं. जितकं आत जाल तितका उजेड झपाट्याने कमी होतो. दोन पावलं आत सरकलात की निम्म्याहून कमी उरतो. त्यामुळे माणसं दाराशी आणि चित्र मागच्या भिंतीवर असं केलंत तर चित्र काळोखात जाईल. चित्रही उजेडाच्या जवळ हवं. भिंतीवरची सगळी चित्रं उतरवू नका. एकच, हातातलं, अजून न संपलेलं चित्र दाराजवळ आणायला सांगा.

आता पडवीची निळी ताडपत्री. पूर्वी पावसाची झड अडवायला नारळाची झापं बांधायचे, आता बहुतेक ठिकाणी निळं प्लास्टिक असतं. त्यातून गाळून आलेला उजेड माणसाला आठवडाभर आजारी असल्यासारखा दाखवतो आणि चित्रातले पिवळे-तांबडे रंग मारून टाकतो. ज्या बाजूने उजेड घेणार तेवढीच ताडपत्री तासभर गुंडाळून ठेवायची परवानगी मागा. पाऊस त्या बाजूने मारत असेल तर दुसरं दार शोधा, मागीलदारी बघा. पण निळ्या उजेडात काढून घेऊ आणि मग घरी जाऊन कॉम्प्युटरवर दुरुस्त करू, असं मनात आणू नका. चेहरा सुधारायला जाल तर चित्र बिघडेल, चित्र सुधाराल तर चेहरा.

जांभ्याची उघडी भिंत लाल उजेड फेकते, सारवलेली किंवा लाल कोब्याची जमीन हनुवटीखाली तोच रंग टाकते, आणि खळ्यातून, म्हणजे अंगणातून, येणाऱ्या उजेडाला झाडांची हिरवी छटा असते. हे सगळं डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. एक साधा पांढरा कागद बरोबर ठेवा. जागा बदललीत की दोघांपैकी एकाच्या हातात तो देऊन एक फोटो काढा. रंग जुळवताना तोच उपयोगी पडेल. आणि एक धुतलेली पांढरी चादर न्या. जांभ्याच्या बाजूला खुर्चीवर ती टाकली की लाल छटा जाते आणि गालावर उजेडही परत येतो. थर्माकोलचा तुकडा असेल तर उत्तम. सजावटीला तो आता चालत नाही, पण कुणाच्या तरी माळ्यावर जुन्या गणपतीचा असतोच.

घरातली ट्यूब आणि बल्ब बंद करायला सांगा. दाराचा उजेड आणि बल्बचा उजेड एका फोटोत आले की अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या.

आकडे विचारले नाहीत तरी देते. लेन्स ३५ मिमीच्या आसपास ठेवा. १८वर गेलात तर कडेला बसलेलं माणूस फुगतं आणि चित्राची चौकट वाकते. लेन्सचं तोंड एफ ५.६, उजेड टिपायची ताकद म्हणजे आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/६० सेकंदाहून संथ नको. ट्रायपॉड असेल तर १/३०, पण मग दोघांना क्षणभर स्थिर राहायला सांगावं लागेल. ५.६वर दोघंही स्पष्ट यायला हवे असतील तर दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर ठेवा. एकजण पुढे आणि एकजण मागे बसला तर मागचा धूसर होतो. आणि मागे कोण बसतं, ते सांगायला नको.

इथून पुढे खरं काम आहे. पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि घर दाखवायची विनंती करा. बघायचं एवढंच की कुणाची चित्रं कुठे आहेत. माझा अनुभव असा की सरांचे समुद्र ओटीवर असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. बाईंची चित्रं माजघरात, कपाटावर, पलंगाखाली फायलीत. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. कॅनव्हास मोठे म्हणून ओटीवर गेले, कागद लहान म्हणून फायलीत गेले, आणि वर्षं गेली तशी घराची रचनाच ती झाली. तुम्ही ओटीवर बसून फोटो काढलात की ही रचना जशीच्या तशी अंकात छापून येते : मागे सरांचा समुद्र, पुढे सर, शेजारी बाई. वाचक काय समजेल? एक चित्रकार आणि त्याची बायको.

म्हणून बाईंना विचारा, तुम्ही रंगवायला कुठे बसता? उत्तर बहुतेक ‘जागा मिळेल तिथे’ असं येतं. ती जागा बघायचा आग्रह धरा. फायल उघडायला लावा, कागद एकेक करून बघा, घाई करू नका. ज्या चित्राशी त्या थांबतील, जास्त बोलतील, ते फोटोत हवं. मग सरांचा एकट्याचा फोटो त्यांच्या जागी, बाईंचा एकटीचा त्यांच्या जागी, दोन्ही सारख्याच मापाचे, सारख्याच अंतरावरून. दोघांचा एकत्र फोटो त्यानंतर.

एकत्र फोटोत दोघांना चित्राच्या पुढे उभं करून खांद्यावर हात ठेवायला लावू नका. तो रिसेप्शनचा फोटो होतो, आणि तसा त्यांच्याकडे असेलच. मी एक करते : बाईंना सरांच्या अपुऱ्या चित्राबद्दल बोलायला सांगते, मग सरांना बाईंच्या. पाहुण्यांसमोर पहिली दोन वाक्यं गोड येतात. तिसऱ्या वाक्यापासून खरं सुरू होतं. आचऱ्याकडच्या एका घरात बाई नवऱ्याच्या कॅनव्हासकडे बघत म्हणाल्या, “तुमचो समुद्र सदान्कदा निळोच कसो? आषाढात जावन बगा, चायसारको असता.” ते म्हणाले, “चायचो समुद्र कोण इकत घेतलो गे?” दोघांचे हात हवेत, दोघांची नजर चित्रावर, आणि चित्र मधोमध. तो फोटो छापून आला. आधीचे सगळे हसरे फोटो डब्यात गेले.

समुद्राच्या चित्रापुढे माणूस बसवताना क्षितिजाची रेघ बघा. ती मानेतून किंवा कानातून जाता कामा नये. कॅमेरा जरा खाली घ्या म्हणजे डोकं रेघेच्या वर जाईल. बसवलेलं माणूस चित्राच्या मधोमध नको, कडेला हवं, म्हणजे चित्र झाकलं जात नाही. अर्नोल्ड न्यूमन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९४२ साली न्यू यॉर्कमध्ये मोंद्रियानचा, म्हणजे उभ्या-आडव्या रेघांची चित्रं करणाऱ्या डच चित्रकाराचा, काढलेला फोटो मिळवून बघा. ईझलचे, म्हणजे चित्र टेकवायच्या घोडीचे, उभे-आडवे दांडे असे घेतलेत की मोंद्रियानची चित्रंच आठवावीत, आणि चित्रकार एका कडेला उभा.

आणि कृपा करून बाईंचा चहाचा ट्रे घेऊन येतानाचा फोटो काढू नका. फार ‘नैसर्गिक’ दिसतो म्हणून तो मोह सगळ्यांना होतो. चहा प्या, कॅमेरा खाली ठेवून प्या.

प्रश्न : जलरंगांची चित्रं काचेत बसवलेली असतात. कुठूनही फोटो काढला तरी काचेत मी, माझा कॅमेरा आणि दार दिसतं. चित्र फ्रेममधून काढून घ्यावं का?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : पावसाळ्यात अजिबात नाही. हवा इतकी ओली असते की कागद बाहेर काढला की लाटा घेतो, आणि तसाच परत घातला तर ओल आत कोंडते. काही चित्रं काचेला चिकटलेलीही असतात, ओढून काढाल तर रंगाचा पापुद्रा काचेवर राहील.

काच आरसा आहे असं धरून चाला. तिच्यात दिसतं ते तुमच्या पाठीमागचं. म्हणून पाठीमागचं काळोखात घाला : समोरचं दार लोटा, खिडकीवर काळी साडी टाका, अंगात काळा शर्ट घाला. उजेड बाजूने, साधारण ४५ अंशांतून येऊ द्या. फ्रेम भिंतीवर असेल तर तिची वरची कड पुढे कललेली असते, दोरीमुळे. खालच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी खोचली की ती सरळ होते आणि कॅमेरा समोरासमोर धरता येतो. तेवढ्यानेही काही वेळा प्रतिबिंब हलतं.

पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, घेतलात तर त्याच्याकडून अशक्य अपेक्षा ठेवू नका. तो काचेकडे तिरकं बघताना, पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास, उत्तम काम करतो. अगदी समोरून बघताना जवळजवळ काहीच करत नाही. उजेडही बराच खातो, अंधाऱ्या घरात परवडत नाही. मात्र माणूस आणि चित्र एकत्र तिरक्या कोनातून काढायचं असेल तर तो उपयोगाचा आहे. तैलचित्रावरच्या व्हार्निशची चमकही बाजूच्या उजेडाने आटोक्यात येते. कॅनव्हास दोन बोटं फिरवला तरी पुरतं.

उघडीप मिळाली म्हणून जलरंगाचं चित्र खळ्यात उन्हात नेऊन ठेवलेलं मी पाहिलं आहे. असं करू नका. जलरंगातले काही रंग उन्हाने उडतात, आणि उडालेला रंग परत येत नाही.

प्रश्न : माझे आजी-आजोबा दोघंही शाळेत चित्रकला शिकवायचे, अजून चित्रं काढतात. मला त्यांचे फोटो काढायचेत पण माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. मी बारावीत आहे. चालेल का?
— एक विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : का नाही चालणार? उलट तुला पडवीत पाय पसरून दिवसभर बसता येईल, बाहेरच्या माणसाला ते जमत नाही. ०.५वाला रुंद कॅमेरा वापरू नकोस, आजोबा कडेला लांबट होतील. २एक्स लाव आणि मागे सरक. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेव, तो आजीचे भुरभुरते केस कापतो आणि चित्राचा कागद भिंतीवरच्या डागासारखा करून टाकतो. चेहरा गुळगुळीत करणारं जे काही असेल तेही बंद. स्क्रीनवर बोट दाबून धरलंस की उजेड आणि फोकस कायम राहतो, तो चेहऱ्यावर धर. लेन्स आधी ओढणीने पूस. घामट बोटांचे ठसे हे आपल्याकडे धुक्याचं मोठं कारण आहे! त्यांची जुनी चित्रंही एकेक करून सरळ समोरून काढून ठेव. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल, तारीख, जागा, तर त्याचाही फोटो घे.

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघंही चित्रं काढतो. आमचे फोटो काढायला येणारी मुलं चांगली असतात, पण प्रत्येक जण मला त्यांच्या ईझलशेजारी उभं करतो आणि माझ्या हातात कोरडा ब्रश देतो. मी ईझलवर काम करतच नाही. मी जमिनीवर बसते, पाटावर कागद ठेवते, आणि घरातलं आवरल्यावर रात्री काम करते. एकाने तर साडी बदलून यायला सांगितलं. घरी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायला संकोच वाटतो. काय करावं?
— एक वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : ताई, नाही म्हणा. संकोच वाटत असेल तर नाही म्हणण्याऐवजी ‘मी इथे बसते’ म्हणा आणि बसा. माणूस एकदा बसलं की त्याला उठवणं फोटोग्राफरला अवघड जातं, त्यातून तुम्ही वयाने मोठ्या.

त्यांच्या येण्याआधीच पाट मांडून ठेवा. वाटीत पाणी, रंगांची बशी, पुसायचं फडकं, अर्धं झालेलं चित्र, जसं रोज असतं तसं. ब्रश ओला असू दे. ‘मी काम करते, तुम्ही काढा’ एवढं सांगा आणि खरोखरच काम करा. फोटोसाठी केलेलं काम आणि काम यांतला फरक मनगटात दिसतो. साडी बदलू नका. रंगाचे डाग असलेला पदर मी हजार रुपयांच्या साडीपेक्षा केव्हाही आधी छापीन. हजारात हल्ली साडी येत नाही म्हणा.

रात्री काम करता तर फोटो रात्री काढायला सांगा. दिवसाउजेडी मांडलेला पाट तुमचा नव्हेच. हे वाचणाऱ्या फोटोग्राफरांसाठी : ट्यूबखाली काढताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर त्याहून जलद नेलंत तर फोटोत पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ आणि दुसरा मळका निघतो. आणि बाई जमिनीवर बसल्या असतील तर तुम्हीही जमिनीवर बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत त्यांचा भांग दिसतो, चेहरा दिसत नाही. वरून काढायचाच असेल तर स्टुलावर चढून थेट वरून काढा : पाट, कागद, वाटी, दोन हात. तो वेगळाच फोटो होतो आणि चांगला होतो.

ताई, आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक, तुमचा एकटीचा फोटो. दुसरी, फोटोखालचं नाव. ‘श्री. व सौ.’ असं छापायला देऊ नका. चित्राच्या कोपऱ्यात तुम्ही जी सही करता तेच नाव फोटोखाली यायला हवं, मग ते माहेरचं असो की सासरचं. बायका माहेरच्या नावाने सही करतात आणि अंकात भलत्याच नावाने छापून येतात, मग ती चित्रं कुणाची हे पुढे कुणाला कळायचं? नावासोबत चित्राचं नाव, माध्यम, माप आणि साल. सगळं कागदावर लिहूनच द्या, तोंडी सांगितलेलं गाडीत विसरतं.

जोडप्यात एक नाव मोठं होतं, हे काही फक्त बायकांच्याच वाट्याला येतं असं नाही. चित्रकार बी. प्रभा यांच्या चित्रांतल्या उंच, सडसडीत कोळणी आपल्या डोळ्यांसमोर लगेच येतात. त्यांचे पती बी. विठ्ठल शिल्पकार होते, हे किती जणांना आठवतं? पण आपल्या घरांतून मागची जागा कुणाची हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं, आणि फोटोग्राफर ती जागा विचारत नाही, गृहीत धरतो. तुम्ही पाट मांडून बसलात की त्याला विचारावंच लागेल.

प्रश्न : हळदणकरांच्या चित्रातल्या बाईसारखा, फक्त समईच्या उजेडात चित्रकार जोडप्याचा फोटो काढावा अशी कल्पना आहे. जमेल का?
— वाचक, कणकवली

उत्तर : सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे, १८८२चा जन्म. दिव्याचा उजेड तळहाताच्या बोटांतून पाझरणारं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगात आहे, हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना ते तैलरंगातलं वाटतं. मुलगी गीता त्यांच्यासमोर दिवा घेऊन उभी राहिली होती. पण तिथे एक चेहरा आणि एक दिवा. तुम्हाला दोन चेहरे हवेत आणि शिवाय मागे चित्रं. समईचा उजेड हातभर अंतरापुढे टिकत नाही. चित्रं काळी पडतील, आणि उरेल ते दिवाळीचं भेटकार्ड. एका चित्रकाराचा एकच चेहरा हवा असेल तर करून बघा. जोडप्यासाठी नको. समईच्या बाजूला जो बसेल तो उजळेल, दुसरा विझेल. मग तेच सगळं.

प्रश्न : एका चित्रकार दांपत्याचे मी काढलेले फोटो मासिकात आले. आता त्यातला एक फोटो, मागच्या चित्रासकट, एका रिसॉर्टने कॅलेंडरवर छापला आहे. मासिक म्हणतं आम्ही दिला नाही. चित्रकार माझ्यावर रागावलेत. हक्क कुणाचा?
— वाचक, चिपळूण

उत्तर : मी वकील नाही, म्हणून आधी वकिलाकडे जा. पण जायच्या आधी एवढं ठाऊक असू द्या. तुमच्या एका फोटोत दोन कलाकृती आहेत : फोटो आणि त्यातलं चित्र. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने दोन्ही स्वतंत्र आहेत.

फोटोचं म्हणाल तर, मासिकाने तुम्हाला पैसे देऊन ते काम सांगितलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७प्रमाणे पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. लग्नाच्या फोटोंनाही तेच लागू आहे. तुम्ही आपणहून काढून मग मासिकाला वापरायला दिला असेल तर गोष्ट निराळी. चित्राचा हक्क चित्रकाराकडे, आणि त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं वारसांकडे. चित्र कुणी विकत घेतलं म्हणून छापायचा हक्क आपोआप त्याच्याकडे जात नाही. तो द्यायचा तर कलम १९प्रमाणे लेखी द्यावा लागतो. त्या लिखाणात मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता.

म्हणजे रिसॉर्टने चित्रकाराला विचारायला हवं होतं आणि फोटोचा हक्क ज्याचा असेल त्यालाही. तुम्ही आज काय करायचं? चित्रकारांकडे स्वतः जा, फोनवर नको. मासिकाशी झालेला पत्रव्यवहार दाखवा, मोबाईलवरचे मेसेजसुद्धा. तक्रार चित्रकारांनी आणि हक्कदाराने मिळून केली तर तिला वजन येतं.

पुढच्या वेळी मात्र घरात शिरतानाच एक कागद न्या. त्यात कुठल्या अंकासाठी, कुठली चित्रं दिसतील, आणि त्याखेरीज कुठेही वापरायचं झाल्यास पुन्हा विचारीन, एवढंच. आणि दोघांच्या सह्या. एकट्या सरांची सही घेऊन निघू नका. बाईंच्या चित्रासाठी बाईंची सही लागते, कायदा इथे ‘घरातलं मोठं माणूस’ ओळखत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘त्यांची घेतली आहे ना, मग झालं’ असं मला चांगली शिकलेली मुलं सांगतात.

प्रश्न : लेन्समध्ये आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. बुरशी आहे का? कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये नीट ठेवत होतो.
— वाचक, गुहागर

उत्तर : बुरशीच आहे, आणि तिला तुमच्या केसने मदत केली. चामडं ओल धरून ठेवतं. ते कपाटातून आजच बाहेर काढा. लेन्स दुरुस्तीवाल्याकडे द्या, स्वतः उघडू नका. काचेवरचा लेप खाल्ला गेला नसेल तर साफ होते. तोवर ती दुसऱ्या लेन्सजवळ ठेवू नका.

पुढच्यासाठी : घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत निळे करता येतात. मात्र तो तवा पुन्हा भाकरीला घेऊ नका. कुणी तांदळात ठेवायला सांगेल. नको, तांदळाचा भुसा लेन्सच्या कड्यांत जातो. काम बरंच असेल तर ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. कॅमेरा दर आठवड्याला बाहेर काढून वापरा. एसी गाडीतून उतरलात की पिशवी अर्धा तास उघडू नका, नाहीतर गार काचेवर बाहेरची वाफ बसते. चित्रकारांकडे जाणार असाल तर हा अर्धा तास त्यांची फायल बघण्यात घालवा. आणि त्यांच्या कॅनव्हासच्या मागच्या बाजूला काळे ठिपके दिसले तर त्यांना सांगा. भिंतीला टेकवलेल्या चित्रांना जांभ्याची ओल मागून लागते, आणि ते पुढून दिसायला फार उशीर होतो. चित्र आणि भिंत यांच्यामध्ये बाटलीच्या बुचाचे चार तुकडे लावले तरी हवा खेळती राहते.